हजार ठोशांचा हिशेब

समोर कोणीही नसताना एकट्याने करायचा सराव हा बहुतेक युद्धकलांचा पाया मानला जातो. ओकिनावा बेटावर घडलेल्या कराटेत ठोसे, लाथा आणि बचाव यांच्या ठरावीक क्रमाने गुंफलेल्या संचाला ‘काता’ म्हणतात, जपानी तलवारबाजीत रिकाम्या हवेत तलवार उगारून खाली आणण्याच्या सरावाला ‘सुबुरी’ म्हणतात, मुष्टियोद्धा आरशासमोर शॅडो बॉक्सिंग करतो, आणि कोल्हापूरकडच्या मर्दानी खेळांत शिकणाऱ्याला प्रत्यक्ष भिडण्याआधी लाठीचे व पट्ट्याचे हात एकट्याने फिरवावे लागतात. या पद्धतीचे फायदे उघड आहेत. जागा थोडी लागते, जोडीदाराला इजा होण्याची भीती नसते, आणि नवशिक्याला दुसऱ्याच्या अंगाशी झटण्यापूर्वी स्वतःच्या अंगाची ओळख होते. मात्र जोडीदाराबरोबरच्या सरावात जी एक गोष्ट आपोआप मिळते, ती येथे नसते, आणि ती म्हणजे अडवणूक. जोडीदार असला की चुकीचा जाब जागच्या जागी द्यावा लागतो, आणि दमलेल्याला थांबणे भाग पडते. एकट्याच्या सरावात मात्र चूक आणि बरोबर दोन्ही हवेत विरून जातात व शिल्लक राहतो तो केवळ आकडा. पाचशे ठोसे झाले की हजार, हाच प्रगतीचा पुरावा ठरतो. या प्रकरणात त्या आकड्याचा विचार मुख्यतः कराटेच्या आधारे केला आहे, कारण एकट्याच्या सरावाला इतके मानाचे स्थान देणाऱ्या आणि तरीही जगभर पसरलेल्या कला फार थोड्या आहेत.

कराटेतील पुनरावृत्तीची परंपरा जुनी असली, तरी आज वर्गावर्गांतून दिसते ते तिचे रूप तितके जुने नाही. ओकिनावाचे इतोसु आंको (1831–1915) यांनी 1901 च्या सुमारास ही कला शाळेच्या अंगणात आणली, मुलांसाठी ‘पिनान’ नावाचे पाच सोपे काता रचले, आणि 1908 मध्ये शिक्षण खात्यासाठी या कलेविषयी दहा कलमांचे पत्र लिहिले. त्या पत्रात ‘माकिवारा’वर, म्हणजे दोरी किंवा गवत गुंडाळलेल्या लवचीक खांबावर, प्रत्येक हाताने शंभर-दोनशे प्रहार करण्याची शिफारस आहे. पण त्याच पत्रातील दुसऱ्या एका कलमात अतिरेकी जोर लावून सराव केल्यास रक्त वर चढते, चेहरा व डोळे लाल होतात आणि शरीराला अपाय होतो, असा स्पष्ट इशाराही आहे. पहिले कलम पुढच्या पिढ्यांनी उचलून धरले, दुसऱ्याकडे फारसे कोणी वळून पाहिले नाही. शाळेत शेकडो मुलांना एका आवाजात, आकडे मोजत हालचाली करायला लावणे सोयीचे होते, आणि पुढे जपानच्या विद्यापीठांतील मंडळांतही हीच कवायती पद्धत रुजली.

तोक्योत 1922 मध्ये कराटे नेणारे फुनाकोशी गिचिन (1868–1957) यांचे उदाहरण पुनरावृत्तीच्या समर्थनार्थ नेहमी दिले जाते. तरुणपणी गुरू आझातो आंको यांच्या घरी जाऊन त्यांनी रात्रीमागून रात्री एकच काता घोटला, आणि गुरूचे समाधान होईपर्यंत त्यांना पुढच्या कात्याकडे जाऊ दिले गेले नाही, हे त्यांच्या आत्मचरित्रात नोंदलेले आहे. या कथेतील महत्त्वाचा तपशील मात्र सांगणाऱ्यांच्या हातून निसटतो: आझातो त्या वेळी ओसरीवर ताठ बसून शिष्याकडे पाहत असत आणि एखाददुसऱ्या शब्दात पुन्हा कर किंवा अजून थोडे, एवढे सांगत असत. शिष्य एकटा हालचाल करत होता, पण पाहणारे डोळे दोघांचे होते. पुढची पुनरावृत्ती व्हावी की नाही, हे आकडा ठरवत नव्हता, गुरू ठरवत होता. हीच गोष्ट गच्चीवर किंवा बंद खोलीत, मोबाइलवरील चित्रफितीसमोर करणाऱ्या आजच्या अभ्यासकाची नसते, आणि फुनाकोशींच्या नावाने सांगितलेले वर्षानुवर्षांचे घोटणे त्याच्या बाबतीत वेगळे फळ देते.

हे फळ कसे लागते, हे समजण्यासाठी एकच ठोसा जवळून पाहणे उपयोगी ठरेल. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेतील मायकेल फेल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1979 मध्ये कराटेच्या भौतिकीवर लिहिताना सरळ ठोशाचा वेग सेकंदाला सुमारे 6 ते 10 मीटर इतका नोंदवला होता, आणि हा सर्वाधिक वेग हात पूर्ण ताठ होण्याआधी, साधारण तीन चतुर्थांश अंतरावर येतो, असेही दाखवले होते. सत्तर किलो वजनाच्या माणसाच्या कोपरापासून बोटांपर्यंतच्या भागाचे वजन ढोबळमानाने दीड किलो भरते. सेकंदाला 8 मीटर वेग धरला, तर या दीड किलोत सुमारे 48 ज्यूल ऊर्जा साठते, म्हणजे दीड किलोचा दगड सव्वातीन मीटर उंचीवरून खाली येताना जेवढी ऊर्जा घेतो तेवढी. समोर पिशवी किंवा पॅड असेल, तर ती बहुतांश ऊर्जा तिकडे जाते. समोर हवा असेल, तर ती सगळी ऊर्जा ठोसा मारणाऱ्याच्याच अंगात जिरवावी लागते. दंडाच्या पुढचा स्नायू आणि खांद्यामागचे लहान स्नायू लांबत असतानाच ताणले जाऊन हाताला लगाम घालतात. हा लगाम वेळेवर पडला नाही, तर कोपराच्या मागचे हाडाचे टोक दंडाच्या हाडातील खोबणीत आदळते. अनुभवी कराटेपटूचा लगाम बरोबर क्षणी पडतो, म्हणून त्याचा ठोसा हवेत ‘चटकन’ थांबतो आणि कोपर किंचित वाकलेले राहते. नवशिक्याचा लगाम उशिरा पडतो. आणि शेकडो ठोशांनी दमल्यावर अनुभवी माणसाचाही लगाम नवशिक्यासारखाच पडू लागतो, कारण हे लगाम घालणारे स्नायूही थकतात. पाचशे ठोशांच्या बैठकीत एकूण 24,000 ज्यूल ऊर्जा अशी अंगावर घेतली जाते, आणि तीही दर वेळी त्याच कोनातून, त्याच जागी.

‘त्याच जागी’ हे शब्द येथे कळीचे आहेत. एका धक्क्याने होणाऱ्या दुखापतीपेक्षा वेगळी, लहान लहान ताण साचून होणारी जी इजा, तिला वैद्यकात अतिवापराची इजा म्हणतात, आणि तिचे मूळ ऊतींच्या दुरुस्तीच्या वेगात असते. हाड ही मृत वस्तू नाही. ताण पडलेल्या जागी अस्थिभक्षी पेशी जुने हाड खाऊन सूक्ष्म पोकळी करतात, आणि नंतर अस्थिजनक पेशी ती नव्या हाडाने भरतात. खाण्याचे काम दोन-तीन आठवड्यांत उरकते, भरण्याचे काम मात्र काही महिने चालते. मधल्या काळात ते हाड पूर्वीपेक्षा कच्चे असते, आणि नेमक्या याच काळात उत्साही अभ्यासक संख्या वाढवत नेतो. प्रशियाच्या सैन्यातील वैद्य ब्राइटहाउप्ट यांनी 1855 मध्ये लांब कूच करणाऱ्या सैनिकांच्या पायांना येणाऱ्या वेदनायुक्त सुजेचे वर्णन केले, तेव्हा एक्स-रेचा शोधही लागलेला नव्हता. ती सूज पावलाच्या हाडांना पडणाऱ्या बारीक तड्यांमुळे असते, हे नंतर कळले. आज त्याला ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ म्हणतात. सैनिकाला कोणी मारले नव्हते, तो पडलाही नव्हता. तो फक्त एकच हालचाल हजारो वेळा करत होता.

स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या ऊतीची, म्हणजे कंडरेची, गोष्ट आणखी अवघड आहे. स्नायू रक्ताने भरलेला असतो आणि काही आठवड्यांत बळकट होतो, तर कंडरेला रक्तपुरवठा तुटपुंजा असतो. जोराच्या व्यायामानंतर कंडरेतील कोलॅजन या प्रथिनाची घडण वाढते, तशी मोडतोडही वाढते, आणि पहिल्या दिवस-दीड दिवसात मोडतोडीचे पारडे जड असते. घडणीचे पारडे वर येते ते त्यानंतर. रोज सकाळ-संध्याकाळ तोच सराव करणाऱ्याच्या वाट्याला घडणीचा काळ येतच नाही. डेन्मार्कमधील संशोधकांनी 2013 मध्ये याहून थक्क करणारी गोष्ट दाखवली. विसाव्या शतकाच्या मध्यात अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-14 चे प्रमाण एकदम वाढले होते आणि नंतर उतरत गेले, त्यामुळे शरीरातील ऊतीत तो किती आहे हे पाहून ती ऊती कोणत्या वर्षी घडली हे काढता येते. या पद्धतीने टाचेच्या वरची कंडरा तपासली असता तिचा गाभा वयाच्या सतराव्या वर्षाच्या सुमारास तयार झालेला आणि पुढे जवळजवळ बदललेलाच नाही, असे आढळले. चाळिशीत कराटे सुरू करणारा गृहस्थ ज्या कंडरेवर उड्या मारतो, ती त्याच्या कॉलेजच्या दिवसांतली असते. स्नायू आणि दम तयार झाले म्हणजे सारे शरीर तयार झाले, हा समज त्यामुळेच फसवा ठरतो.

गुडघ्याची तक्रार कराटेतच नव्हे तर ताइजीसारख्या संथ कलेतही वारंवार ऐकू येते, हे वरवर पाहता विचित्र वाटते. कारण वेगात नसून पिळात असते. पुढचा पाय वाकवून मागचा ताठ ठेवण्याच्या लांब पवित्र्यात ठोसा मारताना कंबर फिरते. तिच्याबरोबर मागचे पाऊलही फिरले, तर पीळ वाटून जातो, पण पाऊल जमिनीला चिकटून राहिले, तर तो सगळा गुडघ्यात उतरतो. गुडघा हा मुख्यतः दुमडणारा सांधा असल्याने हा पीळ आतल्या गादीला आणि अस्थिबंधांना सोसावा लागतो. वर्गात हल्ली अंथरल्या जाणाऱ्या रबरी, एकमेकांत अडकणाऱ्या चौकोनी मॅटवर अनवाणी पाऊल चांगलेच चिकटते. सोसायटीच्या सभागृहातील फरशीवर ते घसरते, पण तिथे उडीचा दणका वर येतो. त्यात पवित्रे कालांतराने खोल होत गेले. ओकिनावाचे जुने पवित्रे तुलनेने उंच आणि आखूड होते. फुनाकोशींचे चिरंजीव योशिताका यांच्या प्रभावाने 1930 व 1940 च्या दशकांत शोतोकान या फुनाकोशींच्या शैलीत ते लांब आणि खाली गेले. पाहायला ते भारदस्त दिसतात यात शंका नाही. मात्र गुडघ्याच्या वाटीवरचा भार गुडघा जितका वाकेल तितका वाढतो, आणि आज ज्याला सनातन परंपरा समजून मुले रोज शेकडो वेळा घोटतात, त्यातला बराच भाग शंभर वर्षांचाही नाही. जपानमधील शाळा आणि व्यायामवर्गांत एके काळी सर्रास चालणारी ‘उसागी तोबी’, म्हणजे उकिडवे बसून सशासारख्या उड्या मारत जाणे, गुडघ्यांना आणि पायाच्या हाडांना होणारा अपाय लक्षात आल्यावर तिथल्या शिक्षकांनी सोडून दिली. परंपरेत खोट निघाली की ती टाकण्याचे हे उदाहरण त्याच मातीतले आहे.

सांचिन या कात्याचा धोका वेगळ्या जातीचा आहे. हिगाओन्ना कानर्यो आणि त्यांचे शिष्य, गोजू-र्यू या कराटेशैलीचे संस्थापक मियागी चोजुन (1888–1953) यांच्या परंपरेत सांचिन हा मूलभूत काता मानला जातो. त्यात पावले थोडीच पडतात, पण सर्वांग आवळून, दीर्घ श्वासासह हळूहळू हालचाल करायची असते. श्वास मोकळा सुटत राहिला, तर हा उत्तम व्यायाम आहे. एकटा नवशिका मात्र आवळण्याच्या नादात घसा बंद करून श्वास कोंडतो, आणि कोंडलेल्या श्वासावर जोर लावल्यास छातीतील दाब व त्याबरोबर रक्तदाब झपाट्याने चढतो. कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात 1985 मध्ये पाच अनुभवी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत नळी घालून मोजमाप केले, तेव्हा दोन्ही पायांनी मोठे वजन ढकलताना त्यांचा रक्तदाब सरासरी 320/250 पर्यंत गेलेला आढळला. सांचिनचा ताण तेवढा नसतो. पण ज्याला आधीच रक्तदाबाचा त्रास आहे, त्याने एकट्याने, कोणाच्या देखरेखीविना सांचिनची संख्या वाढवणे हे धाडसच म्हणावे लागेल. इतोसुंनी लाल डोळ्यांविषयी दिलेला इशारा डॉक्टरी यंत्रांच्या आधीचा असला, तरी निरीक्षण म्हणून नेमका होता.

शरीराची झीज निदान दुखून कळते. पुनरावृत्तीने कौशल्याचे जे होते, ते मात्र दुखतही नाही.

येथे सोव्हिएत शरीरक्रियाशास्त्रज्ञ निकोलाय बर्नस्टाइन (1896–1966) यांच्या कामाकडे वळणे आवश्यक आहे. 1920 च्या दशकात मॉस्कोतील केंद्रीय श्रम संस्थेत त्यांची नेमणूक झाली ती कामगारांच्या हालचालींचा अभ्यास करण्यासाठी. संस्थेचे प्रमुख अलेक्सेई गास्तेव यांचे स्वप्न असे होते की प्रत्येक कामासाठी एक आदर्श हालचाल शोधावी आणि ती यंत्रासारखी प्रत्येक कामगाराच्या अंगात उतरवावी. आकडे मोजून घेतलेल्या कवायतीमागेही हेच स्वप्न असते. बर्नस्टाइन यांनी छिन्नीवर हातोडा मारणाऱ्या कामगारांच्या सांध्यांवर छोटे दिवे बसवून त्यांच्या हालचालींची अतिजलद छायाचित्रे घेतली. हातोडा छिन्नीच्या माथ्यावर बरोबर पडत होता, पण खांदा, कोपर आणि मनगट यांचे मार्ग दर घावाला थोडेथोडे वेगळे होते. मुरलेला कामगार एकच हालचाल पुन्हा करत नव्हता. खांदा जरा पुढे गेला, तर मनगट त्याची भरपाई करत होते, आणि लक्ष्य गाठले जात होते. यावरून बर्नस्टाइन यांनी असा निष्कर्ष काढला की चांगल्या सरावात पुनरावृत्ती होते ती उत्तराची नव्हे, तर उत्तर शोधण्याच्या क्रियेची.

या निष्कर्षाच्या उजेडात एकट्याच्या सरावाची अडचण स्पष्ट होते. कामगारासमोर छिन्नी होती. घाव चुकला, तर हातावर बसत होता. हवेत ठोसा मारणाऱ्यासमोर छिन्नी नसते. सोडवायचा प्रश्नच समोर नसल्यामुळे तो केवळ उत्तर पाठ करतो, आणि पाठ केलेले उत्तर प्रश्न थोडा बदलला की निरुपयोगी ठरते. कारक अध्ययनाच्या, म्हणजे हालचाल शिकण्याच्या शास्त्रातील पुढच्या प्रयोगांनी या म्हणण्याला बळकटी दिली. केर आणि बूथ यांनी 1978 मध्ये आठ वर्षांच्या मुलांकडून दाणे भरलेल्या छोट्या पिशव्या लक्ष्यावर टाकून घेतल्या. एका गटाने फक्त 3 फुटांवरून सराव केला, दुसऱ्याने 2 आणि 4 फुटांवरून केला, 3 फुटांवरून एकदाही नाही. नंतर दोन्ही गटांची परीक्षा 3 फुटांवरून घेतली, आणि त्या अंतरावर कधीच न उभा राहिलेला दुसरा गट सरस ठरला. पुढच्याच वर्षी शे आणि मॉर्गन यांनी हाताच्या तीन हालचालींचा सराव दोन पद्धतींनी करून घेतला: एक हालचाल पुरी घोटून मग दुसरी, किंवा तिन्ही मिसळून, क्रम न ठरवता. सराव चालू असताना घोटणारे पुढे होते. काही दिवसांनी तपासल्यावर मिसळून करणारे पुढे गेलेले दिसले.

या दुसऱ्या प्रयोगातील पहिला भाग जास्त सावध करणारा आहे. घोटणाऱ्याला आपण सुधारत आहोत असे वाटत असते, आणि त्या तासापुरते ते खरेही असते. दोनशेवा ठोसा विसाव्यापेक्षा सफाईदार बसतो, अंगाला लय सापडते, विचार करावा लागत नाही. हा सुखाचा क्षण म्हणजेच शिकणे थांबल्याची खूण असू शकते, हे पटवून घेणे कोणत्याही अभ्यासकाला जड जाते. कौशल्याचा अभ्यास करणाऱ्या फिट्स आणि पोस्नर यांनी 1967 मध्ये शिकण्याचे तीन टप्पे मांडले; पहिल्यात माणूस विचार करून हालचाल करतो, दुसऱ्यात चुका हुडकून दुरुस्त करतो, तिसऱ्यात हालचाल आपोआप होते. तिसरा टप्पा लढताना वरदान आहे, कारण तिथे विचाराला सवड नसते. सरावात तो लवकर आला, तर दुसऱ्या टप्प्यात राहून गेलेल्या चुकाही आपोआप होऊ लागतात. ठोसा मारताना दुसरा हात हनुवटीपासून खाली घसरणे ही अशीच एक चूक आहे. हवेत त्याचे काहीच बिघडत नाही, कारण हवा उलटा ठोसा मारत नाही. पाच हजार वेळा घसरलेला हात नंतर वर ठेवायला शिकणे हे मुळात शिकण्यापेक्षा कितीतरी कष्टाचे असते, ही गोष्ट उशिरा लढतीकडे वळलेल्या काता-पटूंना शिकवणारा कोणीही शिक्षक सांगेल.

शिवाय लढणाऱ्याचे निम्मे कौशल्य हालचालीत नसतेच, ते पाहण्यात असते. मोरी, ओहतानी आणि इमानाका या जपानी संशोधकांनी 2002 मध्ये कराटेपटू आणि नवशिके यांच्या प्रतिक्रियेचा वेग तपासला. साध्या ठिपक्याला प्रतिसाद देण्यात दोघांत फारसा फरक नव्हता. पण पडद्यावरील प्रतिस्पर्धी वरच्या भागावर प्रहार करणार की मधल्या, हे ओळखण्यात कराटेपटू स्पष्टपणे पुढे होते. समोरच्याचा खांदा, कंबर, वजन कोणत्या पायावर आहे, यावरून त्यांना पुढचे कळत होते. हे वाचन रिकाम्या खोलीत शिकता येत नाही, कितीही काता केले तरी नाही, कारण तिथे वाचायला काहीच नसते. अंतर आणि वेळ साधण्याचेही तसेच.

जपानी परंपरेलाच ही उणीव फार पूर्वी जाणवली होती. शांततेच्या एदो काळात तलवारीचे शिक्षण ठरवून दिलेल्या कात्यांपुरते आकसले, आणि हे काता दोघांनी मिळून करायचे असूनही प्रत्येक घाव आधीच माहीत असल्याने ते दिखाऊ होत चालल्याची टीका होऊ लागली. अठराव्या शतकाच्या आरंभी, 1711 ते 1715 च्या दरम्यान, नागानुमा शिरोझाएमोन यांनी बांबूची तलवार आणि संरक्षक साधने सुधारून प्रत्यक्ष प्रहाराचा सराव रुजवला, आणि 1751 ते 1764 या कालखंडात नाकानिशी चुझो यांनी लोखंडी जाळीचा मुखवटा व बांबूचे चिलखत वापरून तो पुढे नेला. आजच्या केंडोचा उगम तिथे आहे. ज्युदोचे संस्थापक कानो जिगोरो यांनी 1882 मध्ये कोदोकान स्थापन केले, तेव्हा त्यांनीही काता टाकले नाहीत, पण ‘रांदोरी’ला, म्हणजे मोकळ्या झटापटीला, शिक्षणाच्या मध्यभागी ठेवले. महाराष्ट्रातील तालमीची रचनाही याच जातीची आहे. जोर आणि बैठका एकट्याने काढायच्या, मुद्गल एकट्याने फिरवायचे, पण पैलवान घडतो तो हौद्यातील तांबड्या मातीत, काठावर उभ्या असलेल्या वस्तादाच्या नजरेसमोर, डावाला प्रतिडाव शोधताना. हजार बैठकांची फुशारकी तालमीतही मारली जाते. पण बैठका काढून कोणी गदा जिंकल्याचे ऐकिवात नाही.

याचा अर्थ काता निरर्थक आहे असा घेणे अन्यायाचे होईल. तोक्यो ऑलिंपिकमध्ये, जे प्रत्यक्षात 2021 मध्ये झाले, काता हा स्वतंत्र पदकाचा प्रकार होता आणि पुरुषांचे सुवर्ण ओकिनावाच्याच किउना र्यो यांनी मिळवले. तिथे गुण होते ते रूप, तोल, वेग आणि ताकद यांना, त्यामुळे त्या स्पर्धेसाठी काता घोटणे रास्तच होते. ज्याला आरोग्य हवे आहे, ज्याला कलेचे सौंदर्य हवे आहे, त्याच्यासाठीही एकट्याचा सराव पुरेसा ठरू शकतो. गफलत होते ती एका हेतूसाठी केलेल्या घोटण्यातून दुसऱ्या हेतूची फळे मागितली जातात तेव्हा: काता शिकवून मुलगी आता रस्त्यावर स्वतःचे रक्षण करील, असे आश्वासन पालकांना दिले जाते तेव्हा. हे आश्वासन देणाऱ्या वर्गांची आपल्या शहरांत कमतरता नाही.

आकड्याचे आकर्षण मनावरही पकड घेते. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ फ्रेडरिक बेकलंड यांना 1970 च्या सुमारास व्यायाम सोडल्यावर झोपेवर काय परिणाम होतो हे पाहायचे होते, पण रोज व्यायाम करणारे लोक चांगले पैसे देऊ करूनही महिनाभर थांबायला तयार होईनात. शेवटी त्यांना आठवड्यातून तीन-चार दिवस व्यायाम करणाऱ्यांवर भागवावे लागले. रोज हजार ठोशांचे व्रत घेतलेल्या माणसाला दुखऱ्या मनगटासाठी चार दिवसांची सुट्टी घेणे हा आळस नव्हे तर व्रतभंग वाटतो. मग तो मनगट बांधून, वेदना टाळण्यासाठी नकळत कोपर बाहेर काढून ठोसे मारत राहतो, आणि आता घोटली जाते ती वेदना चुकवण्याची चुकीची हालचाल. संख्या मात्र पूर्ण होते. मराठीत ज्याला पाट्या टाकणे म्हणतात, ते इतक्या निष्ठेने केलेले क्वचितच पाहायला मिळते.

एकट्याचा सराव सुरक्षित आणि उपयुक्त करण्याचा मार्ग फारसा गूढ नाही. हालचाल बदलत ठेवावी: तोच काता कधी उलट दिशेने, कधी आखूड पवित्र्यात, कधी अर्ध्या वेगाने, कधी डाव्या बाजूने सुरू करून. शॅडो बॉक्सिंगमध्ये हे मुळातच होते, कारण तिथे क्रम ठरलेला नसतो आणि मुष्टियोद्धा मनात एक प्रतिस्पर्धी उभा करून त्याच्याशी झुंजत असतो. पूर्ण वेगाचे ठोसे हवेत थोडे आणि पिशवीवर जास्त मारावेत; हवेत मारताना कोपर शेवटपर्यंत ताठ करू नये. थकव्याने रूप बिघडल्याचे दिसताच, आकडा कितीवर आला आहे ते न पाहता, थांबावे. रूप बिघडल्याचे स्वतःला कळत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा तरी जाणत्या माणसाला दाखवावे, आणि ते अशक्य असेल तर चित्रण करून पाहावे. कंडरा आणि हाडांवर जोराचा भार टाकणारा सराव एकाआड एक दिवस ठेवावा.

मुलांच्या बाबतीत एवढ्यावर भागत नाही. वाढत्या वयात गुडघ्याखालच्या हाडाच्या पुढच्या उंचवट्यावर, जिथे मांडीच्या स्नायूची कंडरा रुजलेली असते, तिथले हाड अजून कच्चे असते, आणि सतत उड्या, लाथा व खोल पवित्र्यांमुळे ते ओढले जाऊन दुखते. 1903 मध्ये ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी स्वतंत्रपणे वर्णिलेला हा विकार त्यांच्याच नावाने ओळखला जातो. दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्याखाली दुखरा टेंगळासारखा उंचवटा आला, तर पुढच्या बेल्टची परीक्षा जवळ आली आहे म्हणून सराव वाढवणे हा निर्णय चुकीचा आहे. माकिवारावर मुलांना मूठ मारायला लावण्याचे समर्थन तर कशानेच होऊ शकत नाही.

प्रौढांनी एक खूण लक्षात ठेवावी. नडगीवर, पावलाच्या वरच्या बाजूला किंवा मनगटावर एका बोटाने दाखवता येईल इतक्या नेमक्या जागी दुखत असेल, सराव सुरू होताच ते वाढत असेल आणि पुढे पुढे विश्रांतीतही राहत असेल, तर ते स्नायूंचे नेहमीचे दुखणे नव्हे. सराव त्याच दिवशी थांबवून अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. तिथे काढलेला एक्स-रे निर्दोष आला, तरी त्याला सराव पुन्हा सुरू करण्याची परवानगी समजू नये, कारण स्ट्रेस फ्रॅक्चरचा तडा पहिल्या दोन-तीन आठवड्यांत साध्या एक्स-रेवर बहुधा दिसत नाही आणि तो त्या काळात सापडतो तो एमआरआयसारख्या तपासणीत.